मी नसताना (जोडपत्रांसह)

आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीचं काय करायचं, हे तो हयातीत काय होता यावर ठरतं. पुढारी असेल तर चौक. पैलवान असेल तर तालमीत तसबीर. कवी असेल तर कट्टा, पुरस्कार आणि पुरस्कारावरून भांडण. शिक्षक असेल तर पन्नाशीतले चार-दोन विद्यार्थी येऊन ‘सरांनी मला फार बडवलं’ असं भरल्या गळ्यानं सांगतात. कंपनीतल्या मॅनेजरची मात्र समाजानं काहीच सोय केलेली नाही. पस्तीस-चाळीस वर्षं त्यानं बेअरिंगं वेळेवर पोचवलेली असतात, पण बेअरिंगं वेळेवर पोचवणाऱ्या माणसाचा पुतळा करायचा कसा? हात वर करून उभा केला तर पुढारी वाटतो, हातात कागद दिला तर तलाठी.

याला ठळक अपवाद एकच, सुमंत मुळगावकर. टेल्को उभी करणारा माणूस. पिंपरीच्या उघड्या माळावर कारखान्याच्या जोडीनं झाडं लावणारा, तळं करणारा. त्यांच्या पत्नी लीलाताईंनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ आपल्याकडे रुजवली, म्हणजे घरही त्याच तोलाचं. मुळगावकर १९८९ साली गेले आणि १९९४ साली कंपनीनं नवी गाडी काढली. त्यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं सुमो. पुष्कळांना अजून वाटतं की ते जपानी पैलवानांवरून ठेवलंय, आणि गाडीचा आकार बघता त्यांना दोष देता येत नाही. पण मला विचाराल तर महाराष्ट्रात कुठल्याही साहेबाला याहून चांगलं स्मारक लाभलेलं नाही. पुतळ्याला वर्षातून एकदा हार मिळतो. सुमो कऱ्हाड-पाटण वडापला लागली की तिच्यात दहाच्या जागी सोळा माणसं, दोन कोंबड्या, एक बाळंतीण आणि टपावर कांद्याची पोती, आणि तरी ड्रायव्हर खाली उभा राहून ‘एकच शीट, एकच शीट’ ओरडत असायचा. एवढा गोतावळा कुठल्या कुटुंबवत्सल माणसानं ओढलाय?

पण प्रत्येकाच्या नावाची गाडी निघत नाही. आमच्या अप्पांच्या नाव-आडनावाची अक्षरं जोडून जे तयार होतं, ते गाडीलाच काय, खरजेच्या मलमालासुद्धा देता येणार नाही.

अप्पा म्हणजे माझे सख्खे काका. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या एका कारखान्यात साठच्या दशकाच्या अखेरीला ते शिकाऊ इंजिनिअर म्हणून चिकटले आणि जनरल मॅनेजर होऊन साठीला बाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी नोकरी बदलली नाही, मिशी बदलली नाही आणि स्कूटरही बदलली नाही. स्कूटर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नंबर लावून मिळालेली. ताईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, जन्माआधी नोंदवलेली, ती ताई शाळेत जायला लागल्यावर दारात आली. त्यामुळे घरात थोरलेपणाचा मान स्कूटरचा, आणि ताई धाकटी, अशीच वागणूक होती. पावसात आधी स्कूटर आत यायची.

गेल्या वर्षी एका पहाटे अप्पा झोपेतच गेले. अशा वेळी घरात जो गोंधळ उडतो तो उडालाच नाही. काकूनं डोळे पुसत कपाट उघडलं आणि एक हिरवी बॉक्स फाईल काढून दादाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, हातात दिली. फाईलच्या पाठीवर अप्पांचं टपोरं अक्षर होतं, ‘मी नसताना’. त्याखाली बारीक अक्षरात ‘जोडपत्रांसह’. आत अनुक्रमणिका, पानांना क्रमांक, आणि प्रत्येक प्रकरणाला वेगळ्या रंगाचा पुठ्ठा. आम्ही सगळे दादाभोवती कोंडाळं करून उभे राहिलो आणि त्यानं पहिलं पान मोठ्यानं वाचलं.

‘१. प्रथम डॉक्टरांना बोलावून खात्री करून घ्यावी.’ खात्री या शब्दाखाली दोन रेघा.

‘२. रडण्यास हरकत नाही. मात्र फोनजवळ नको.’

‘३. मृत्यूच्या दाखल्याच्या किमान १० मूळ प्रती मागून घ्याव्यात. झेरॉक्सवर भागत नाही. सर्वजण “एक पुरेल” म्हणतील. त्यांचे ऐकू नये.’

पुढे कुणाला कळवायचं त्याची यादी. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मालाची अ, ब, क अशी वर्गवारी करतात. अ म्हणजे संख्येनं थोडा पण किमतीनं भारी माल, ज्यावर रोज नजर हवी. ब म्हणजे मधला. क म्हणजे नट, बोल्ट, वॉशर, पोत्यानं आणून टाकायचे आणि विसरून जायचं. अप्पांनी समस्त नातेवाईक याच पद्धतीनं लावले होते. अ वर्गात सात माणसं, त्यांतली तीन कंपनीतली. क वर्गात जवळजवळ सगळं माहेर आणि सासर. काही नावांपुढे शेरे होते. ‘बोलत बसतात, शेवटी करावा.’ ‘सकाळी ८ नंतरच, हृदयविकार आहे.’ ‘कळवू नये, आपोआप कळते.’ मी लांबून मान उंच करून माझं नाव शोधलं. ब. पुढे शेरा: ‘येईल, पण उशिरा.’ मी तिथे सगळ्यांच्या आधी पोचून उभा होतो, पण ते दाखवायचं कुणाला?

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा मजकूरही तयार होता. वर सूचना: ‘विशेषणे टाळावीत. दर चौरस सेंटिमीटरवर असतो. “दुःखद निधन” यातील “दुःखद” अध्याहृत आहे.’ ताईनं मात्र हट्टच धरला की ‘कुटुंबवत्सल’ हवंच. दादाचं म्हणणं, तो शब्द छोट्या जाहिरातींच्या पानावर सगळ्यांनाच लावलेला असतो, त्या दिवशीच्या पानावर अकरा मयतांपैकी नऊ कुटुंबवत्सल आहेत. मग उरलेले दोन कोण होते यावर घरात थोडा वेळ चर्चा झाली, आणि अप्पा त्या दोघांत जायला नकोत म्हणून शब्द घातला.

अडलं ते फोटोपाशी. फाईलमध्ये सगळं होतं, फोटो नव्हता. कंपनीतले फोटो ढीगभर निघाले. त्यांत अप्पा कायम तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पुढे फीत कापणारे कुणीतरी. घरातल्या फोटोंत ते नाहीतच, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. महाबळेश्वर, कन्याकुमारी, दादाची मुंज, सगळीकडे काकू आणि पोरं डोळ्यांवर ऊन घेऊन उभी आणि खाली कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याची सावली. शेवटी एका ओळखपत्रावरचा फोटो दिला. तो काढला तेव्हा अप्पा जिवंत होते यावर विश्वास बसू नये असा होता, म्हणून जाहिरातीला शोभला.

आता हे कुटुंबवत्सल प्रकरण घरात कसं चालायचं ते सांगायला हवं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी बंद राहू नये, विजेचा भार आठवड्यात वाटला जावा, म्हणून ही व्यवस्था. म्हणजे जग रविवारी घरी असायचं तेव्हा अप्पा कारखान्यात, आणि अप्पा घरी असायचे तेव्हा पोरं शाळेत. त्यात पुण्याचं पाणी दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं झालं की तेही गुरुवारीच. तेव्हा गुरुवारी सकाळी दहा वाजता चित्र असं असे, की घरात पाणी नाही, मुलं नाहीत, मोलकरीण येऊन परत गेलेली, आणि आठशे माणसांवर हुकूम चालवायची सवय असलेला एक धडधाकट गृहस्थ हाताखाली फक्त बायको घेऊन बसलेला.

काकू म्हणते, “बाकीच्या बायका दत्ताचा वार म्हणून गुरुवार धरायच्या. मी यांचा वार म्हणून धरायचे.”

ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या कारखान्यांत जपानचं वारं शिरलं. क्वालिटी सर्कल, कायझेन, कानबान. जागच्या जागी वस्तू आणि वस्तूच्या जागी वस्तू. अप्पा कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि पुढच्याच गुरुवारी लाल ऑईलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन स्वयंपाकघरात घुसले. टूलरूममध्ये भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याचा, पकडीचा, हातोडीचा आकार रंगवलेला असतो, म्हणजे कुठली वस्तू जागेवर नाही ते लांबून कळतं. अप्पांनी तसाच बोर्ड ओट्यामागच्या भिंतीवर केला. सांडशी, झारा, उलथनं, किसणी, चिमटा, लाटणं, सगळ्यांच्या लाल बाह्यरेषा. आकार बरोबर यावा म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तू भिंतीवर धरून पेन्सिल फिरवली होती. काकू माहेरून आली तर भिंतीवर तिच्या अख्ख्या संसाराचा पंचनामा.

काकू काही बोलली नाही. तिनं फक्त झाऱ्याच्या आकृतीत चिमटा टांगला. अप्पांनी संध्याकाळी तो काढून जागेवर लावला. सकाळी परत चिमटा झाऱ्यात. हे कित्येक वर्षं चाललं. त्या दोघांच्या संसारात मी मोठ्या आवाजात भांडण ऐकलं नाही. जे काही म्हणायचं ते भिंतीवर टांगलेलं असे. पाहुण्यांना कळत नसे. आम्ही घरचे लोक आत गेल्या गेल्या आधी भिंत बघायचो, आणि सांडशीच्या जागी लाटणं दिसलं तर चहा न घेता निघायचो.

कानबानचं तसं नाही. ते मुळातच अवघड प्रकरण. रव्याच्या डब्याला आतून रेघ मारलेली. रवा रेघेखाली गेला की डब्यावरचं कार्ड काढून खरेदीच्या खुंटीला अडकवायचं, आणि खुंटीवर कार्ड दिसलं की अप्पांनी येताना रवा आणायचा. टोयोटाच्या कारखान्यात गाड्या या पद्धतीनं बनतात म्हणे. आमच्याकडे एका संकष्टीला नऊ माणसं फराळाला, साबुदाण्याच्या डब्यात पाहिलं तर मूठभर, आणि कार्ड डब्यावरच. अप्पांनी शांतपणे विचारलं, “कार्ड का निघालं नाही?” काकू तितक्याच शांतपणे म्हणाली, “डबा हलवून बघायचे तेव्हा इतक्या वर्षांत साबुदाणा संपला नव्हता.”

दिवाळीच्या फराळालाही नियोजन असे. भाजणी कधी, चकल्या कधी, पाळी कुणाची, सोऱ्या कुणाच्या हाती. तळून निघालेल्या चकल्या अप्पा स्वतः तपासत. सलग वेढ्याच्या डब्यात, तुटक्या रिजेक्शनमध्ये. डब्यातल्या पाडव्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, रिजेक्शनमधल्या लगेच खायच्या. इतका सरळ नियम असल्यावर पोरांनी काय करावं? आम्ही ताटात चकली पाडतानाच शेवटाला जोड द्यायचो नाही. रिजेक्शनचं प्रमाण चढत गेलं. अप्पांनी भाजणी बदलून पाहिली, मोहन वाढवून पाहिलं, तेलाचं तापमान मोजायला कारखान्यातून थर्मामीटर आणला. कारणमीमांसेचा तक्ता काढला, त्यात पीठ, तेल, सोऱ्या, हवामान, सगळे बाण होते. पोरं हा बाण नव्हता. इतकी वर्षं माणसं सांभाळूनही या माणसाला कुणी मुद्दाम काम बिघडवत असेल अशी शंका येत नसे, किंवा येऊनही ते तक्त्यात मांडत नसत. मला आता दुसरीच शक्यता जास्त वाटते.

मुंबईच्या हेड ऑफिसला जायचं म्हणजे डेक्कन क्वीन. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली, आणि तिचे पासधारक दर १ जूनला पुणे स्टेशनवर केक कापून, इंजिनाला हार घालून तिचा वाढदिवस करतात. अप्पा पासधारक नव्हते, पण वरचेवर जाऊन पासधारकांच्या डब्यात त्यांना जागा मिळालेली होती, आणि वाढदिवसाला ते हजर असत. पोरांचे वाढदिवस ‘येत्या गुरुवारी’ होत. दादाच्या पाचव्या वाढदिवसाला औक्षण झालं तोवर तो पाच वर्षं सहा दिवसांचा झाला होता.

तिमाही परीक्षेचे गुण घरी आले की अप्पा ते मागच्या तिमाहीशी ताडून बघत. ताईला दहावीच्या गणितात दीडशेपैकी १४१ पडले तेव्हा सगळ्या आळीत पेढे वाटायची तिची तयारी होती. अप्पांनी गुणपत्रिका चष्म्याजवळ नेली, लांब नेली, आणि विचारलं, “नऊ कुठे गेले?” ताई दोन दिवस जेवली नाही. पुढे ती स्वतः गणिताची प्राध्यापक झाली, पण ते नऊ तिनं अप्पांना कधी माफ केले नव्हते.

म्हणून कंपनीतल्या निवृत्तांच्या मंडळानं ठेवलेल्या शोकसभेला जायला ती फारशी उत्सुक नव्हती. सुरुवात रीतसर झाली. मनुष्यबळ खात्यातला एक तरुण अधिकारी बोलला. तो कंपनीत आला तेव्हा अप्पांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला बोलायला काहीच अडचण आली नाही. दूरदृष्टी, नेतृत्व, वारसा. मग एक निवृत्त मॅनेजर अप्पांबद्दल बोलायला उठले आणि स्वतःबद्दल बोलून बसले. हेही रीतीला धरून होतं.

मग युनियनचे जुने अध्यक्ष उठले. पांढऱ्या मिशा, गळ्यात उपरणं, आवाज अजून गेटवरचा. म्हणाले, “दर करारावेळी साहेबांना आम्ही गेटवर मुर्दाबाद केलं. एकेका दिवशी शंभर-शंभर वेळा. आणि साहेब संध्याकाळी बाहेर येऊन मला विचारायचे, घसा बसला का रे? कँटीनला गरम पाणी सांगितलंय. एवढं मुर्दाबाद करून त्या माणसाला काही झालं नाही. आता कुणी काही म्हणत नव्हतं, तर गेले.” आणि ते मोठ्यानं रडायला लागले. हॉलमधले लोक आधी हसले होते, त्यांना हसू आवरायची पंचाईत झाली.

त्यांच्यानंतर स्टोअर्समधले एक किडकिडीत गृहस्थ आले. ते भाषण करणारे नव्हते. त्यांनी एक चिठ्ठी आणली होती, ती सापडली नाही, मग तसेच बोलले. म्हणाले, साहेबांच्या पोरीला गणितात १४१ पडले तेव्हा साहेबांनी पहिल्या पाळीला पेढे वाटले, दुसऱ्या पाळीला वाटले, आणि तिसऱ्या पाळीचे पेढे माझ्याकडे स्टोअर्समध्ये कुलपात ठेवून गेले. रीतसर पावती करून. रात्री मुंग्या लागल्या तर म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवायला सांगितला होता. पुढे आठवडाभर कँटीनमध्ये ज्याला-त्याला सांगत होते, दीडशेपैकी १४१, माझ्या सात पिढ्यांत कुणी नाही. “आम्हाला तर पाठ झालं होतं,” ते ताईकडे बघून म्हणाले, “तुम्ही त्याच ना?”

ताई काही बोलली नाही. काकू तिच्या कानाशी लागून म्हणाली, “तीन पाळ्यांचे पेढे. आणि घरात पाव किलो.”

दशक्रियेसाठी आम्ही ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. फाईलमध्ये तिथलीही तरतूद होती. ‘जोडपत्र ६. कावळा. १५ मिनिटे वाट पाहावी. भलभलती आश्वासने देऊ नयेत, नंतर पाळावी लागतात. १५ मिनिटांनंतर पर्यायी व्यवस्था: दर्भाचा कावळा. गुरुजींना आधी सांगून ठेवावे.’ कावळे भरपूर होते. पलीकडच्या पिंडावर तर चार जण भांडत होते. आमच्या पिंडाकडे एकही बघायला तयार नाही. दादानं घड्याळ लावलं. सातव्या मिनिटाला धीर सुटला आणि त्यानं हात जोडून सांगितलं, “आईची काळजी घेऊ.” एक कावळा फांदीवरून खालच्या फांदीवर आला. “वहिनीशी नीट वागेन,” ताई म्हणाली. कावळा परत वरच्या फांदीवर. एका आत्यानं कुलदेवतेला जायचं कबूल केलं, मी उगाचच पहाटे उठायचं कबूल केलं. चौदाव्या मिनिटाला गुरुजी दर्भ चाचपायला लागले आणि दादा वैतागून म्हणाला, “बरं, ते कागदी शेअर डिमॅट करून घेतो!” तोवर काकू नमस्कार करायला पिंडापाशी जाऊन आली होती. ती मागे वळते न वळते तोच कावळा झडप घालून आला. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ते शेअरचं प्रकरण तसंच होतं. पगारातून उरेल त्यातून अप्पा दरवर्षी थोडे शेअर घ्यायचे आणि विकायचे कधीच नाहीत. त्यांच्या मते शेअर विकणं म्हणजे भागीदाराला संकटात टाकून पळून जाणं. सगळे शेअर कागदाचे, जाड, नक्षीदार, करकरीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करणं बंद झालं. वारसाच्या किंवा मागे राहिलेल्या जोडीदाराच्या नावावर होतात, पण त्याला कागदपत्रांची अशी दिंडी लागते की मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती का, ते आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. सात वर्षं लाभांश उचलला नाही तर तो, आणि त्यामागून शेअरसुद्धा, सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात आणि तिथून परत आणायचे तर आणखी अर्ज. काही कंपन्या दुसऱ्यांत विलीन झालेल्या, काहींनी नावं बदललेली, एकीनं दोनदा. अप्पांच्या जोडपत्रात प्रत्येकीची वंशावळ होती. आमच्या घराण्याची तेवढी नीट लिहिलेली नाही.

सगळं जमलं, शेवटी अडलं ते काकूच्या सहीवर. शेअर दोघांच्या नावावर होते आणि काकूची १९७९ सालची सही नव्या सहीशी जुळेना. त्यासाठी बँकेकडून सही प्रमाणित करून आणायचा वेगळा फॉर्म असतो. बँकेतल्या साहेबांनी समंजसपणे समजावलं, “आजी, ही जुनी सही बघा. ‘सौभाग्यवती’पासून पूर्ण नाव, प्रत्येक वेलांटी गोल. आताची तुमची नुसती एक रेघ आहे. तशी परत करून बघता का?”

काकू जुन्या सहीकडे जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, “तेव्हा मला वेळ होता.”

मग तिनं कागद पुढे ओढला आणि एका दमात तश्शी सही केली, सौभाग्यवतीसकट. साहेबांनी ती जुन्या सहीशेजारी धरली, मान डोलावली आणि शिक्का मारला. ‘सौभाग्यवती’ आता खोडायचं का, हे विचारायचं धाडस त्यांनी केलं नाही.

फाईलचं शेवटचं पान होतं, ‘पुनरावलोकन. एक वर्षानंतर सर्वांनी एकत्र बसून त्रुटींची नोंद करावी. पुढील वेळी उपयोग होईल.’ पुढील वेळी म्हणजे कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. वर्षश्राद्धाची जेवणं झाल्यावर दादानं फाईल काढली आणि अध्यक्षीय आवाजात त्रुटी विचारल्या. जावईबापू म्हणाले, फोटो नव्हता. मी वर्गवारीचा विषय काढला. तेवढ्यात काकू आतून चष्मा लावून आली आणि म्हणाली, “पानाच्या मागे बघा की. पुढचंच काय वाचताय?”

आम्ही पानं उलटली. प्रत्येक पानामागे पेन्सिलीनं काकूचं अक्षर. दुरुस्त्या कित्येक वर्षांपासून चालू होत्या. डॉक्टरांच्या नंबरामागे ‘हे डॉक्टर वारले, मुलगा बसतो, हुशार आहे’. नातेवाइकांच्या यादीत क वर्गातून तिनं स्वतःच्या दोन्ही बहिणी उचलून अ वर्गात घातल्या होत्या आणि अ वर्गातला कंपनीतला एकजण ‘उसने परत केले नाहीत’ म्हणून क वर्गात. माझ्या नावामागे लिहिलं होतं, ‘अ. उशिरा येतो पण थांबतो.’ जाहिरातीच्या पानामागे, ‘एक विशेषण घाला, पैसे मी देईन.’

आणि जोडपत्र ६ च्या मागे, ‘कावळ्याला कांदाभजी ठेवा. यांना दुसरं काही चालत नाही.’

“अगं, पण श्राद्धपक्षात कांदा चालतो का?” आत्या कळवळून म्हणाली.

“नाही चालत,” काकू म्हणाली. “म्हणून तर गुरुजी दर्भ बघायला वळले तेव्हा पदराआडून ठेवली.”

दादा हातातली फाईल खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. “म्हणजे डिमॅटमुळे नाही?”

“डिमॅट तुला करायचंच होतं. माझ्या भज्यांनी काय बिघडलं?”

मग ताईनं सुचवलं, की आता काकूनंही अशी एक फाईल करावी. कागद आणला, पेन आणलं. काकूनं दोन्ही बाजूला सारलं. म्हणाली, “मला वेगळी फाईल कशाला? हीच वापरा. जिथे अप्पा आहे तिथे मी समजा. दहा दाखले कमी पडले, पंधरा घ्या. भज्यांच्या ऐवजी अळूवडी. आणि फोटो आत्ताच्या आत्ता काढून ठेवा, दारातल्या उजेडात चला, मी पातळ बदलून येते. त्यांचा टाकलात तसला माझा टाकलात तर बघा.”